सभागृह भाड्यानं देण्याआधी : आपल्या सोसायटीच्या सभासदांना खुलं पत्र

डोंबिवली (पूर्व),
१४ सप्टेंबर २०२५

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार, व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि तिन्ही विंगमधले सर्व सभासद,

स. न. वि. वि.

२८ सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस गुरुवारी हातात पडली. त्यातला विषय क्रमांक ९ असा आहे : 'तळमजल्यावरील सभागृह व त्यामागील खोली घरपोच किराणा पुरवणाऱ्या कंपनीस माल साठवणुकीसाठी पाच वर्षांच्या कराराने भाड्याने देण्यास मंजुरी देणे.' सभेत एकेकाला दोन मिनिटं मिळतात आणि पाण्याच्या विषयावरच तास निघून जातो, म्हणून हे लिहून देते आहे. मी बी विंगमध्ये १९९७ पासून राहते. त्या मागच्या खोलीत गेली चार वर्षं धान्य गटाचा, म्हणजे शेतकऱ्यांकडून थेट धान्य घेणाऱ्या आपल्याच काही घरांचा, तांदूळ असतो. गटाची वही माझ्याकडे असते, तेव्हा बोलायची जबाबदारीही माझीच.

आधी पैशांचं बोलते, कारण समितीनं हा प्रस्ताव हौसेनं आणलेला नाही. मे महिन्यात ए विंगची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत सातव्या मजल्यावरच्या आजी होत्या. त्यांना बाहेर काढेपर्यंत आपण सगळे जिन्यात उभे होतो. लिफ्ट बदलायलाच हव्यात. तिन्हींचा खर्च ४० लाखांच्या आसपास आहे. कंपनी महिन्याला ५५,००० रुपये द्यायला तयार आहे, म्हणजे वर्षाला ६,६०,०००. रक्कम लहान नाही. पण १२८ फ्लॅटमध्ये वाटली तर घरामागे महिन्याला ४३० रुपये होतात. नुसत्या भाड्यावर लिफ्ट करायच्या तर सहा वर्षं लागतील आणि करार आहे पाच वर्षांचा. म्हणजे सभागृह दिलं तरी वर्गणी काढावी लागेलच. सगळा खर्च वर्गणीतून केला तर घरामागे ३१,२५० रुपये येतात. पाच वर्षांच्या हप्त्यांनी, व्याज सोडून, महिना सव्वापाचशेच्या आत. हे आकडे मी खजिनदारांकडूनच घेतले आहेत.

आता त्या खोलीत काय चालतं ते. गेल्या दोन वर्षांत बरीच नवी कुटुंबं राहायला आली आहेत. त्यांना महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तळमजल्यावर गोण्या, तराजू आणि गर्दी दिसते, पण तिचा उलगडा कुणी केलेला नसतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीचा टेम्पो फाटकात यायचा ते जुन्यांना आठवत असेल. त्यातून ओळखी झाल्या आणि जून २०२१ मध्ये आम्ही ११ घरांनी ठरवलं की निदान तांदूळ तरी पिकवणाऱ्याकडून थेट घ्यायचा. त्या वर्षी दिवाळीआधी आम्ही तिघीजणी वाडा तालुक्यातल्या एका गावी गेलो. कल्याणहून भिवंडी, तिथून वाड्याची एसटी, पुढे जीप. भिवंडी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं लागतात, पत्र्याची, पांढरी, एकाला लागून एक. माझ्या सासऱ्यांनी तिथे भातखाचरं पाहिलेली होती. आज आपल्या दारात दहा मिनिटांत येणारा पुष्कळसा माल त्याच गोदामांतून निघालेला असतो.

ज्या ताईंकडे आम्ही गेलो त्यांचं दीड एकर भात पिवळं होऊन उभं होतं. पीक चांगलं होतं, पण त्यांचं राहिलेलं नव्हतं. मुलीच्या कॉलेजसाठी आणि घरातल्या आजारपणासाठी त्यांनी नवरात्रात व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, आणि उचल घेताना भावही त्यानंच सांगितला होता. भात झोडून खळ्यावर रास झाली की त्याचा टेम्पो येणार, त्याच्या काट्यावर वजन होणार, उचल वळती होऊन उरेल ते हातात. सरकारचा हमीभाव ताईंना ठाऊक होता. पण खरेदी केंद्र सुरू व्हायला आणि पैसे खात्यावर यायला जो वेळ लागतो तेवढा त्यांच्या गाठीला नव्हता.

आम्ही किलोमागे किती जास्त देऊ ते सांगायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, भाव तुम्ही द्याल दोन रुपये वर. पण घेणार का, ते आवणीच्या आधी सांगाल?"

या एका प्रश्नावर आमचा सगळा गट उभा आहे. शहरात आपण शेतकऱ्याबद्दल बोलतो तेव्हा भाव आणि कर्जमाफी यांपुढे जात नाही. ताईंना हवं होतं खात्रीचं गिऱ्हाईक. राबात, म्हणजे रोपं करायला भाजून तयार केलेल्या वाफ्यात, पेरलेलं रोप उपटून चिखलात लावायच्या आधी ज्यानं शब्द दिलाय आणि पीक हाती आल्यावर जो तो मोडणार नाही, असं गिऱ्हाईक. एकट्या घराच्या शब्दाला किंमत नसते, कारण एका घराला वर्षाला लागणार पन्नास-साठ किलो. घरं एकत्र आली की त्या शब्दाला वजन येतं.

तेव्हापासून पद्धत अशी. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घर वर्षाची मागणी लिहून देतं. तेवढा तांदूळ घेऊ, असं आम्ही शेतकरी कुटुंबांना कळवतो आणि भावही तेव्हाच ठरतो. गणपतीत प्रत्येक घर १,५०० रुपये आगाऊ भरतं आणि ते पैसे दसऱ्याच्या आत गावी पोचतात. जी गरज व्यापाऱ्याच्या उचलीनं भागायची ती या पैशांत भागते. नोव्हेंबर-डिसेंबरात तांदूळ येतो, मागच्या खोलीत राहतो आणि दर महिन्याला वाटला जातो. आज गटात ५४ घरं आहेत. गेल्या हंगामात सहा कुटुंबांकडून आपण ३० क्विंटल तांदूळ घेतला. शेतकऱ्याला किलोमागे ५८ रुपये, आपल्याला पडतो ६२ ला. मधले चार रुपये टेम्पो, गोण्या आणि तूट यांचे. भरडाईचा खर्च ताईंचा, कोंडा आणि तूसही त्यांचंच.

या आकड्यांशेजारी एक आकडा ठेवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं भाज्यांच्या भावांवर अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहक टोमॅटोला जो रुपया देतो त्यातले शेतकऱ्याच्या हाती साधारण ३३ पैसे पडतात, कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७, असं त्यात आहे. नाशवंत भाजी आणि तांदूळ यांची थेट तुलना होत नाही हे मला कळतं. पण दुधात हाच वाटा ७० पैशांच्या आसपास आहे असं त्याच सुमारास सांगितलं गेलं, आणि दूध तर भाजीहून लवकर नासतं. दुधाला रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं गिऱ्हाईक आहे आणि गोळा करायला गावोगावी संस्था आहेत. फरक तिथून पडतो.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. माझं लहानपण गोरेगावला गेलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक चळवळ उभी केली त्याच्या पाठोपाठ. गायक-संगीतकार सुधीर फडकेही या कामात होते. दोन-चार वर्षांत आमच्या चाळीत संघ झाला आणि आई त्यात गेली. पंचायतीला दुकान नव्हतंच. शेजारची घरं मिळून एक संघ, महिनाभर आधी यादी भरायची, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचा माल एका घरी उतरायचा आणि सभासदांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. त्याला 'वितरण' म्हणत. आमच्याकडे वितरण असायचं तेव्हा दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसे. मला यादीवर खुणा करायचं काम असायचं. डाळीत खडे निघाले तर बायका तिथेच बोलून दाखवत आणि पुढच्या महिन्यात ती तक्रार मिटलेली असे. वाण्यासमोर पदर सावरून गप्प उभी राहणारी माझी आई तिथे हिशेबावरून वाद घालायची, ते मी पाहिलं आहे. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत अपना बाजार हे सहकारी भांडार सुरू झालं. रेशनच्या त्या दिवसांत भेसळीला आणि काळ्या बाजाराला कंटाळलेल्या माणसांनी ते काढलं.

आणि आपल्या फाटकावरची पाटी वाचा. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित.' १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली आपल्या सोसायटीची नोंदणी आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं जमली तर त्याच कायद्याखाली ग्राहक संस्थाही नोंदवता येते. सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क ९७ व्या घटनादुरुस्तीनं संघटना-स्वातंत्र्याच्या कलमात घातला गेला आहे. हे वर्ष, २०२५, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आपल्याच आवारात सहकार चालू आहे आणि त्याची खोली याच वर्षी काढून घेण्याचा ठराव यावा, याचं मला फार वाईट वाटलं.

आता गटाच्या चुका. त्या लपवल्या तर वहीला अर्थ राहणार नाही.

२०२२ मध्ये आम्ही घाई केली. परतीचा पाऊस लांबला होता, भात पुरतं वाळलं नव्हतं आणि आम्ही दिवाळीनंतर लगेच तांदूळ मागवून प्लास्टिकच्या गोण्यांत भरून थेट फरशीवर रचला. फेब्रुवारीत पोरकिडे झाले. चार क्विंटल तांदूळ चाळून, उन्हात घालून, पुन्हा निवडून घ्यावा लागला आणि त्यातला जवळजवळ दीड क्विंटल फुकट गेला. सात घरं गट सोडून गेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नुकसान आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं, शेतकऱ्यांवर टाकलं नाही, कारण घाई आमची होती. त्यानंतर खोलीत जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या टाकल्या, तागाच्या गोण्या आणल्या आणि आता आलेल्या प्रत्येक गोणीतला दाणा चावून पाहिल्याशिवाय ती आत जात नाही. दाणा 'कट्' असा तुटला पाहिजे. हे ताईंच्या सासूबाईंनी शिकवलं.

सी विंगच्या तळमजल्यावरच्या कुटुंबानं उंदरांची तक्रार केली होती, तीही रास्त होती. डाळी आणि ज्वारी तेव्हापासून पत्र्याच्या पिंपांत असते, खिडकीला जाळी बसवली आणि दर पंधरवड्याला खोली रिकामी करून झाडली जाते. तरीही त्यांना त्रास होत असेल तर त्यांनी सभेत सांगावं, मी उत्तर द्यायला बांधील आहे.

काहींचं म्हणणं आहे की हे सगळं चांगलं, पण फोनवर बोट लावलं की दहा मिनिटांत तांदूळ दारात येतो, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न खरा आहे. माझ्या मजल्यावर दोघंही रात्री नऊला घरी पोचणारं जोडपं आहे, त्यांच्यासाठी ती सोय मोठी आहे. माल आणून देणारी मुलंही आपलीच आहेत, आपल्या वॉचमनचा धाकटा तेच काम करतो. घरी रात्री दूध संपलं तर कुणी काय करावं हे मी सांगणार नाही. पण दहा मिनिटांच्या व्यवहारात पुढच्या जूनमध्ये कोण काय पेरणार याला जागाच नसते. आज हवं, आज आलं, उद्या दुसरीकडे स्वस्त मिळालं तर तिकडे. गिऱ्हाइकाला मोकळीक आहे, पण पेरणाऱ्याला आधार नाही.

वाडा कोलमचंच घ्या. या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे त्याला झिणी म्हणतात. बारीक दाणा, मऊ भात. पण पीक उशिरा येतं आणि उतारा संकरित वाणांपेक्षा कमी. त्या नावानं बाजारात विकला जाणारा सगळा तांदूळ वाड्याचा नसतो, हे तिथले शेतकरी वर्षानुवर्षं सांगताहेत. खऱ्याला आणि खोट्याला एकच भाव असेल तर कमी उताऱ्याचं वाण कुणी का लावावं? आमच्या सहापैकी तीन कुटुंबांनी कोलम बंद केला होता. जूनमध्ये मागणीचा आकडा हातात आल्यावर त्यांनी तो पुन्हा लावला, आणि बियाणं चौथ्या घराकडून घेतलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी ते फोटो एकमेकांना पाठवले होते. त्या बियाण्याचं पीक कुणाच्या तरी ताटात गेलं पाहिजे, तरच पुढच्या वर्षी ते पुन्हा मातीत जातं.

रोजच्या स्वयंपाकातली निवड किती दूरवर पोचते त्याचा एक हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. ५४ घरांनी महिन्याला फक्त चार-चार किलो ज्वारी घेतली, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा पोळीऐवजी भाकरी, तर वर्षाला सुमारे २६ क्विंटल होते. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानात मालदांडी वाणाची ज्वारी एवढी पिकवायला सहा-सात एकर लागतील. त्या रानाला उसासारखं पाणी लागत नाही. ज्वारी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर येते आणि मागे जनावरांना कडबा राहतो. आमची ज्वारी तिकडूनच येते, ट्रान्सपोर्टनं कल्याणला. कुणी म्हणेल, मंगळवेढा कुठे आणि डोंबिवली कुठे, हे कसलं स्थानिक? वाद घालण्यासारखं आहे. चहा आसामचा, हिंग अफगाणिस्तानचा, नारळ केरळचा, हे आपल्या घरात चालतच आलंय. मी एवढंच पाहते की जे जवळ पिकतं ते आधी जवळून घ्यावं आणि लांबून घ्यायचं तर पिकवणाऱ्याला फोन लावता येईल इतपत ओळखीतून घ्यावं.

जवळ काय पिकतं हेही आपण विसरत चाललो आहोत. भात कापल्यावर त्याच खाचरात ओलीवर कडवे वाल टाकतात. न खत, न पाणी. त्याचं बिरडं आमच्या गटात आता ज्यांच्या घरी कधी होत नव्हतं अशा नागपूरकडच्या आणि उत्तर प्रदेशातल्या कुटुंबांतही होतं. तेलाचं सांगायचं तर देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यात इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल मोठं, आणि इकडे मराठवाड्यातली करडई वर्षागणिक कमी होत गेली. घाण्याचं करडई तेल महाग पडतं, ते सगळ्यांना परवडणार नाही, मीही फक्त फोडणीला आणि भाजणीला वापरते. तेवढं तरी.

गट फक्त ज्यांना परवडतं त्यांचा, असाही एक आरोप कानावर आला. दोन वॉचमन आणि झाडलोट करणाऱ्या तीन बायका गटात आहेत. आगाऊ १,५०० त्यांच्याकडून एकदम घेत नाही, महिना दीडशेनं दहा महिन्यांत घेतो. त्यांचा सुरुवातीचा भरणा बाकीचे उचलतात. आजवर एकाही हप्त्याला उशीर झाला नाही.

समोरच्या वाण्याबद्दलही सांगायला हवं. टाळेबंदीत त्यांनी आपल्या निम्म्या इमारतीला उधारीवर माल दिला. त्यांच्या पोटावर पाय देऊन आम्हाला काही उभारायचं नाही. साखर, चहा, साबण, बिस्किटं, सुटं दूध गटानं आणायचं नाही असं पहिल्याच वर्षी ठरलं आहे आणि ते पाळलं आहे. कंपनीचा माल आपल्याच तळमजल्यात आला तर ते दुकान किती महिने टिकेल, हा विचारही विषय क्रमांक ९ वर हात वर करण्याआधी करावा, ही विनंती.

आणि फाटकाचा विषय. जूनपासून 'फेरीवाल्यांस मनाई' ही पाटी लागली आणि कसाऱ्याकडून पहिल्या गाडीनं येणाऱ्या दोन आदिवासी बायकांना वॉचमनला परत पाठवावं लागलं. त्या बारा वर्षं आपल्या फाटकाबाहेर बसत होत्या. पावसाच्या सुरुवातीला शेवळं ही रानभाजी आणायच्या, सोबत काकडं ही आंबट रानफळं द्यायला विसरायच्या नाहीत, कारण त्याशिवाय शेवळं खाजतात हे आपल्या शहरी बायकांना माहीत नसतं. मग टाकळा, फोडशी, करटोली, भारंगी. सकाळी नऊला टोपली रिकामी होऊन त्या परत जायच्या. वाहतुकीला अडथळा झाल्याची एकही लेखी तक्रार नाही, मी नोंदवही पाहिली आहे. पार्किंगच्या गाड्यांनी रस्ता अडतो तेव्हा आपण इतके कडक नसतो.

म्हणून माझी मागणी मांडते. सभागृह पाच वर्षांसाठी कुणालाही देऊ नये. निवासी इमारतीतल्या जागेचा वापर असा बदलायचा तर महापालिकेची परवानगी आणि कर यांचे प्रश्न आहेतच, आणि बारसं, साठी, दुखवटा, मुलांचा अभ्यास यांसाठी आपल्याकडे दुसरी जागा नाही. मागची १० बाय १४ ची खोली गटाला रीतसर भाड्यानं द्यावी. घरामागे महिना दीडशे घालून आम्ही ८,१०० रुपये भाडं देऊ, आणि ते थेट लिफ्टच्या निधीत जमा करावं. सभागृह मात्र महिन्यातून एक रविवार, सकाळी आठ ते बारा, एवढंच हवं, तेही त्या दिवशी कुणाचं कार्य नसेल तर. मार्चपर्यंत गटाची सहकारी संस्था म्हणून नोंदणी करू, अन्नसुरक्षेची नोंदणीही करू, म्हणजे उद्या मी नसले तरी वही कुणा एकीच्या कपाटात अडकणार नाही. समितीचा एक सदस्य आमच्या हिशेबावर नेमावा. आणि त्या दोन बायकांना मंगळवार-शुक्रवार सकाळी सात ते नऊ फाटकाबाहेर बसू द्यावं.

ज्यांना अजून शंका आहे त्यांच्यासाठी : २१ तारखेला, रविवारी, मागची खोली दिवसभर उघडी ठेवते आहे. गेल्या वर्षीचा तांदूळ दोन गोण्या उरला आहे, जुना झाल्यामुळे भात मोकळा होतो. अर्धा-अर्धा किलो घरी नेऊन शिजवून पाहा. चारही वर्षांच्या वह्या टेबलावर असतील, २०२२ ची सुद्धा.

एक गोष्ट सभेआधी सगळ्यांना माहीत असावी. जूनमध्ये आपण ३० क्विंटलचा शब्द दिला आहे. या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, राब नीट भाजून झाले नव्हते, पेरणीला वाफसा, म्हणजे बेताची ओल, मिळेना, दोन घरांना रोपं पुन्हा करावी लागली. तरीही सहाही कुटुंबांनी ठरल्याप्रमाणे कोलम लावला आहे आणि तो आता पोटरीत येतो आहे. गणपतीत ५४ घरांनी भरलेले ८१,००० रुपये बँकेत आहेत. एरवी ते आतापर्यंत गेले असते. या वर्षी मी थांबवले आहेत, कारण खोली नसेल तर ३० क्विंटल तांदूळ ठेवायला आपल्याकडे जागा नाही, आणि जो घेता येणार नाही त्याची उचल देऊन त्यांना अडकवणं मला जमणार नाही. व्यापाऱ्याचा माणूस नवरात्रात येतो. ताईंना मी खरं ते सांगितलं आहे आणि त्यांनी दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

सभा २८ ला आहे. दसरा २ ऑक्टोबरला. त्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन करणार आहे.

आपली,
बी विंगमधली एक सभासद
(धान्य गटाची हिशेबनीस)